अर्ध्या वाटेवरचा ताळेबंद

दिवाळीच्या दिवशी पेढीवर जुन्या वह्या मिटतात. वर्षभराचा रोजमेळ खतावणीत उतरलेला असतो, येणे-देणे तपासून झालेले असते आणि उरलेली बाकी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ओढली जाते. त्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, ‘शुभ-लाभ’ लिहिले जाते. सारा हिशेब संगणकावर ठेवणाऱ्या दुकानांतही त्या दिवशी निदान एक लाल वही पूजेला मांडली जाते. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा तो दिवस. वीर निर्वाण संवताचे नवे वर्षही त्याला लागूनच सुरू होते. एक संपणे आणि दुसरे सुरू होणे, या दोन गोष्टी व्यापारी घराने अशा एका सणात बांधून ठेवल्या आहेत.

आयुष्यातील बदलांना मात्र अशी ठरलेली तिथी नसते. वडिलोपार्जित धंदा हळूहळू बसत जातो. भाऊ वेगळे होतात. शिकून आलेला मुलगा गादीवर बसायला नकार देतो. चाळीस वर्षे गादी सांभाळलेल्या वडिलांवर एके दिवशी ती सोडण्याची वेळ येते. घरातील कर्ते माणूस अकाली जाते. या घटना पंचांग पाहून येत नाहीत. अशा वेळी जुने खाते कसे मिटवायचे आणि नव्या वहीत कोणती बाकी ओढायची, हे मात्र कोणत्याही पेढीवर शिकवले जात नाही.

पावणेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी आग्र्यातील एका जैन व्यापाऱ्याने हा हिशेब स्वतःच्या आयुष्यावर मांडून पाहिला. त्यांचे नाव कविवर बनारसीदास. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरले, तर पंचावन्नाव्या वर्षी त्याचे अर्धे संपते, असा विचार करून त्यांनी विक्रम संवत १६९८ म्हणजे इसवी सन १६४१ मध्ये आपली पंचावन्न वर्षे ६७५ छंदांत लिहून काढली आणि ग्रंथाला नाव दिले ‘अर्धकथानक’. भारतीय भाषांतील आद्य आत्मचरित्रांत त्याची गणना होते. मध्यदेशाच्या साध्या बोलीत लिहिलेला हा ग्रंथ १९४३ साली पंडित नाथूराम प्रेमी यांनी मुंबईच्या हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयातून संपादित करून प्रसिद्ध केला आणि अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेरच्या वाचकांपर्यंत तो पोहोचला.

बनारसीदास यशस्वी व्यापारी नव्हते. त्यांचा धंदा अनेकदा बुडाला, भांडवल गेले, उधारीवर जेवावे लागले. तरीही बदलांना सामोरे कसे जावे, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याने त्यांचे चरित्र अवश्य पाहावे. यशाच्या कथा पुष्कळ असतात. पडल्यावर माणूस कोणत्या क्रमाने उठला, याचा प्रामाणिक जमाखर्च क्वचितच कोणी लिहून ठेवतो.

घराण्याला मिळालेली पहिली शिकवण

बनारसीदासांचे कुळ श्रीमाळ. आजोबा मूलदास हे माळव्यातील नरवर येथे एका मोगल जहागीरदाराचे मोदी होते. ते वारल्यावर अधिकाऱ्याने त्यांचे घर आणि द्रव्य जप्त केले. विधवा पत्नी लहानग्या खरगसेनाला घेऊन जौनपूरला आपल्या माहेरी आली. तेथे तिचे वडील जवाहिराचा व्यापार करीत. नातू आजोळच्या पेढीवर नाणी आणि रत्ने पारखायला शिकला. हेच खरगसेन पुढे बनारसीदासांचे वडील झाले.

बनारसीदासांचा जन्म संवत १६४३ मधील, म्हणजे इसवी सन १५८६ च्या सुमाराचा. आई-वडिलांनी आधी त्यांचे नाव विक्रमाजीत ठेवले होते. पुढे भगवान पार्श्वनाथांच्या यात्रेला काशीस गेले असता तेथील पुजाऱ्याच्या सांगण्यावरून ते बनारसी झाले. मुलगा बारा वर्षांचा असेल-नसेल, तोच जौनपूरच्या जवाहिऱ्यांवर संकट कोसळले. सुभेदार किलीच खानाने त्यांच्याकडे अशी काही मागणी केली, की ती पुरी करणे त्यांना शक्य नव्हते. त्याने सर्वांना कैद करून चाबकाने फोडून काढले. सुटका होताच जवाहिरे कुटुंबकबिल्यासह जिकडे वाट फुटेल तिकडे पळाले.

खरगसेन भर पावसात शहजादपूरला येऊन पोहोचले. तेथे करमचंद नावाच्या एका माहूर वाण्याने स्वतःचे घर रिकामे करून त्यांना राहायला दिले. या कुटुंबाशी त्याचे रक्ताचे नाते नव्हते. पुढे खरगसेन व्यापारासाठी अलाहाबादला गेले आणि मागे राहिलेला बनारसी कवड्यांची खरेदी-विक्री करून चार पैसे मिळवू लागला. त्याच्या पहिल्या कमाईची मिठाई आजीने मोठ्या कौतुकाने वाटली.

या प्रसंगांतून एक गोष्ट उघड दिसते. घर, दुकान आणि माल एका दिवसात हातचे जाऊ शकतात. आजोबांचे गेले, वडिलांचेही गेले. मात्र रत्न पारखण्याची नजर आणि व्यापारी समाजातील पत या दोन गोष्टी जप्तीत गेल्या नाहीत. खरगसेन ज्या बळावर पुन्हा उभे राहिले, ते बळ या दोहोंचेच होते. बदलाच्या प्रसंगी नव्या वहीत ओढायची खरी बाकी हीच असते.

पोथी की पेढी?

बनारसी चौदा वर्षांचा झाला तेव्हा त्याला अभ्यासाची गोडी लागली. पंडित देवदत्तांकडे त्याने कोश, ज्योतिष, अलंकार असे विषय शिकून घेतले. त्याच वयात इश्काचाही नाद लागला. घरातून चोरून वस्तू न्याव्यात आणि त्या भेट म्हणून द्याव्यात, इथपर्यंत मजल गेली. ही गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. वडीलधाऱ्यांनी समजावले, की फार वाचणे हे ब्राह्मणांचे आणि भाटांचे काम, वाण्याच्या मुलाने दुकानावर बसावे, जो फार शिकतो तो भीक मागतो. मुलाने ऐकले नाही.

हा संवाद आजही घराघरांत होतो, विषय तेवढे बदलले आहेत. एखाद्याला चित्रकला हवी असते, एखाद्याला संशोधन, एखाद्याला नोकरी. वडिलांची काळजी खोटी नसते आणि मुलाची ओढही खोटी नसते. बनारसीदासांच्या आयुष्यात या वादाचा निकाल मोठा विलक्षण लागला. ज्या विद्येला घरात निरुपयोगी ठरवले होते, तिने त्यांना पुढे दोनदा जगवले.

एकदा प्रवासात वाट चुकून ते सोबत्यांसह चोरांच्या गावात शिरले. प्रसंग ओळखून त्यांनी संस्कृत श्लोक म्हटला. चोरांच्या म्होरक्याने त्यांना ब्राह्मण समजून आसरा दिला. मग रात्री सुताची जानवी वळून तिघांनी गळ्यात घातली, कपाळी मातीचे टिळे लावले आणि सकाळी सुखरूप बाहेर पडले. दुसरा प्रसंग आग्र्याचा. तो पुढे येईलच. घराण्याचे कसब आणि स्वतःची ओढ यांतील एकच ठेवून दुसरे फेकून द्यावे, असे बनारसीदासांचा जमाखर्च कोठेही सुचवत नाही. शिकलेले काहीही बुडीत खात्यात जात नाही. त्याची मुदत कधी भरेल, एवढेच आधी सांगता येत नाही.

गोमतीला दिलेली पोथी

इसवी सन १६०५ मध्ये अकबर बादशहाचे निधन झाले. ही वार्ता जौनपूरला पोहोचली तेव्हा बनारसीदास जिन्याच्या पायरीवर बसले होते. ऐकताच त्यांना घेरी आली, ते खाली कोसळले आणि डोके फुटले. शहरात हलकल्लोळ माजला. बाजार बंद झाले. लोकांनी दागिने आणि किमती वस्त्रे जमिनीत पुरली. श्रीमंतांनी जाडेभरडे कपडे घातले, म्हणजे गरीब आणि श्रीमंत ओळखू येऊ नयेत. सुमारे दहा दिवसांनी आग्र्याहून पत्र आले, की जहांगीर तख्तावर बसला असून सर्वत्र शांतता आहे. दुकाने पुन्हा उघडली. त्या दहा दिवसांत शहराचे जे नुकसान झाले, ते बहुतांशी भीतीनेच केले. राज्य बदलले होते, बाजार मात्र होता तेथेच होता.

याच सुमारास बनारसीदासांच्या मनात एक परिवर्तन घडले. तरुणपणी त्यांनी शृंगारप्रधान अशी हजार छंदांची एक पोथी रचली होती. एके दिवशी गोमतीच्या पुलावर मित्रांना ती वाचून दाखवताना त्यांना वाटले, एक असत्य बोलणाऱ्यालाही अधोगती सांगितली आहे, मग हजार कल्पित गोष्टी रचणाऱ्याचे काय? आणि त्यांनी ती पोथी नदीत सोडून दिली. पाने पाण्यावर विखुरली. मित्र हळहळले. वडिलांना मात्र आनंद झाला, मुलगा आता मार्गाला लागेल अशी आशा वाटू लागली.

हे त्यांच्या आयुष्यातील पहिले मिटवलेले खाते. ते त्यांनी स्वतःच्या हाताने मिटवले, कोणी मिटवायला लावले नाही. जे सोडायचे ते मनापासून सुटले म्हणूनच पुढच्या टप्प्याला जागा झाली. असे असूनही त्यांची काव्यशक्ती नदीत वाहून गेली नाही. तीच पुढे अध्यात्माच्या सेवेला लागली.

आग्र्याचा धडा

संवत १६६७, म्हणजे इसवी सन १६१० मध्ये खरगसेनांनी मुलाच्या हाती कारभार सोपवला. थोडी रत्ने, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि जौनपुरी कापड असा माल, काही भांडवल घरचे तर काही उसने, आणि आज्ञा झाली, आग्र्याला जाऊन व्यापार कर. वाटेत इटाव्याजवळ वादळी पावसाने गाठले. सराईत जागा मिळेना. शेवटी पहारेकऱ्यांच्या झोपडीत एका माणसाने बनारसीदासांना गोणपाटाचा तुकडा दिला. तो स्वतः खाटेवर निजला आणि मालधनी व्यापाऱ्याला त्या खाटेखाली रात्र काढावी लागली.

आग्र्यात पोहोचल्यावर तूप-तेल विकून किरकोळ नफा हाती आला. कापडात तोटा झाला. रत्नांचे तर दैवच फिरले. काही रत्ने इजारीच्या नाडीत बांधून ठेवली होती, ती कोठे पडली ते कळलेच नाही. काही कापडात बांधलेली होती, ती उंदरांनी पळवली. जे दागिने विकले, त्यांचा घेणारा दिवाळखोर निघाला. त्यातच ताप भरला. हळूहळू अंगावरचे विकायची पाळी आली.

वाचकाला येथे बनारसीदासांच्या गबाळेपणाचे हसू येते आणि ते स्वतःही स्वतःला हसले आहेत. पण दोष एकट्या मुलाचा होता काय? तूप, तेल, कापड आणि जवाहिर हे चार निरनिराळे धंदे. प्रत्येकाचा बाजार वेगळा, प्रत्येकाची पारख वेगळी. चोवीस वर्षांच्या अननुभवी मुलाच्या हाती हे चारही एकदम दिले गेले, तेही उसन्या भांडवलासह, परक्या शहरात आणि सोबतीला अनुभवी मुनीम नसताना. सूत्रे सोपवण्याचा निर्णय योग्य होता. सोपवण्याची रीत मात्र चुकली. पुढच्या पिढीला एका दिवसात सारे देणे आणि अखेरपर्यंत काहीच न देणे, या दोन्ही चुका सारख्याच महागात पडतात.

कचोरीवाल्याची उधारी

दुकान गेले, पैसा गेला. बनारसीदास घरातच बसून राहू लागले. रात्री ते ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही प्रेमाख्याने वाचत. ऐकायला दहा-वीस माणसे जमत. त्यांतच एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून रोज कचोऱ्या आणून खात आणि पैसे उधार ठेवत. काही दिवसांनी त्यांनी त्याला एकांतात गाठले आणि सांगून टाकले, की आपल्याजवळ काहीही उरलेले नाही, यापुढे उधार देऊ नये. कचोरीवाल्याने उत्तर दिले, की वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, कोणी काही बोलणार नाही.

असे सहा-सात महिने गेले. पुढे एका नातेवाइकाने त्यांना घरी नेले, धरमदास नावाच्या जवाहिऱ्याच्या मुलाबरोबर भागीदारी झाली, धंदा पुन्हा सुरू झाला. हाती पैसे येताच बनारसीदासांनी कचोरीवाल्याचा हिशेब केला. तो चौदा रुपये निघाला आणि त्यांनी तो चुकता केला.

चौदा रुपयांची ही नोंद त्यांनी साऱ्या आयुष्याच्या हिशेबात जपून ठेवली, यातच त्यांची थोरवी आहे. पडत्या काळात माणूस सर्वांत आधी लोकांना टाळू लागतो. तोंड लपवतो, खोटी आश्वासने देतो. बनारसीदासांनी धनको मागायला येण्यापूर्वीच आपण रिकामे असल्याचे त्याला सांगितले. त्या खरेपणाच्या बदल्यात त्यांना पत मिळाली. जी विद्या वाण्याच्या मुलाला नको म्हणून सांगितली गेली होती, तिच्या ओढीने तो कचोरीवाला त्यांच्या दारी आला होता, हाही जमाखर्चातला एक मोठा आकडा आहे.

घरातला विश्वास

धरमदासाबरोबरची भागीदारी दोन वर्षे चालली. हिशेब झाला तेव्हा जेवढे मिळवले तेवढेच खाण्या-लेण्यात खर्च झालेले दिसले. आग्रा सोडून निघताना वाटेत त्यांना एक पुरचुंडी सापडली. तिच्यात आठ मोती होते. ते सोबत घेऊन ते खैराबादला सासुरवाडीस गेले. रात्री पत्नीने आग्र्याच्या कमाईविषयी विचारले आणि हात रिकामे असल्याचे लपवता आले नाही. तिने दोष दिला नाही. आपल्याजवळ जपून ठेवलेले वीस रुपये तिने त्यांच्या हाती ठेवले. मग आपल्या आईला विश्वासात घेतले आणि त्या माउलीने जावयासाठी दोनशे रुपये दिले. या भांडवलावर बनारसीदास पुन्हा बाजारात उतरले.

त्या काळच्या कोणत्याही वहीत त्या पत्नीच्या नावाचे खाते नव्हते. तरी संकटात उपयोगी पडलेले ते भांडवल तिचे होते. धंद्यातील अडचण दुकानात उघड होते, बाजारात उघड होते आणि घरात सर्वांत शेवटी सांगितली जाते. पुष्कळ घरांत ती कधीच सांगितली जात नाही. मग एखाद्या दिवशी पत्नीला बँकेच्या नोटिशीवरून कळते आणि सावरण्याची वेळ टळून गेलेली असते. बनारसीदासांच्या पत्नीला सत्य वेळेवर कळले, म्हणून ती मदत करू शकली.

ही पत्नी पुढे बाळंतपणानंतर वारली. तिच्या निधनाची वार्ता आणि तिच्याच धाकट्या बहिणीशी विवाह ठरल्याची वार्ता बनारसीदासांना एकाच खेपेला मिळाली. शोक करायलाही अवकाश मिळू नये, असे ते वळण होते. त्यांनी तीन विवाह केले. सात पुत्र आणि दोन कन्या झाल्या आणि त्यांतील एकही अपत्य जगले नाही. ‘अर्धकथानक’ लिहिताना ते आणि त्यांची पत्नी अशी दोघेच उरली होती. पानगळीनंतर उभ्या राहिलेल्या झाडांची उपमा त्यांनी या अवस्थेला दिली आहे.

फारखती

वडिलांच्या निधनानंतर बनारसीदासांना आग्र्यातील धनाढ्य सावकार सबळसिंह यांच्याबरोबरच्या भागीदारीचा हिशेब मिटवायचा होता. सावकाराच्या दिवाणखान्यात गाणे-बजावणे चाले, माणसांची वर्दळ असे आणि हिशेबाची गोष्ट उद्यावर ढकलली जाई. बनारसीदास दिवसामागून दिवस खेटे घालत राहिले. अखेर सावकाराच्या एका नातलगाने मध्यस्थी केली, कागद झाले, परस्परांना फारखती मिळाली आणि दोघेही एकमेकांच्या देण्यातून मोकळे झाले.

कंटाळून हिशेब सोडून देणे सोपे होते. पण अर्धवट राहिलेली भागीदारी मनात घर करून राहते आणि नव्या कामाला हात घालू देत नाही. भाऊ-भाऊ वेगळे होताना दुकानाची वाटणी होते, पण मालाच्या किमतीवरून, नावाच्या वापरावरून किंवा आईच्या दागिन्यांवरून एखादी गोष्ट ‘पुढे बघू’ म्हणून राहून जाते. तीच पुढे नातवंडांच्या लग्नात दोन मांडव घालायला लावते. फारखतीचा कागद हा अविश्वासाचा कागद नाही. नाते पुढेही टिकावे म्हणून व्यवहार संपवणारा तो कागद आहे.

पायरी ओळखणे

संवत १६८० च्या सुमारास, म्हणजे इसवी सन १६२३ च्या आसपास, खैराबादला अर्थमल्ल नावाच्या अध्यात्मप्रेमी गृहस्थाने बनारसीदासांच्या हाती आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसारा’वरील राजमल्लांची भाषाटीका दिली. आत्मा शुद्ध आहे, कर्ता-भोक्ता नाही, हे वाचून ते भारावून गेले. मग बाह्य क्रियांना अर्थ काय, असे म्हणत जप, सामायिक, प्रतिक्रमण त्यांनी सोडून दिले. पुढे तर तीन मित्रांसह कोठडीत शिरून, कपडे उतरवून, आपण मुनी झालो असा खेळही मांडला. हा प्रकार त्यांनी न लपवता सांगितला आहे आणि त्याला मूढपणा म्हटले आहे. जुने सुटले होते आणि नवे अंगी बाणलेले नव्हते, अशा अवस्थेत बरीच वर्षे गेली.

संवत १६९२ मध्ये पंडित रूपचंद आग्र्याला आले. त्यांनी ‘गोम्मटसारा’चे वाचन केले आणि चौदा गुणस्थाने उलगडून सांगितली. ज्या पायरीवर जीव उभा आहे, त्या पायरीला साजेसा आचार असतो. अणुव्रती श्रावकाचे स्थान पाचवे, मुनीचा आचार सहाव्यापासून. शिखराचे ज्ञान झाले म्हणून मधल्या पायऱ्या नाहीशा होत नाहीत. बनारसीदासांचा गोंधळ निवळला. ज्ञान आणि आचार यांचा मेळ बसला. दुसऱ्याच वर्षी, इसवी सन १६३६ मध्ये, त्यांनी ‘नाटक समयसार’ पूर्ण केले. तो ग्रंथ आजही स्वाध्यायात भक्तीने वाचला जातो.

बदलाविषयीचा हा त्यांचा सर्वांत मोलाचा धडा आहे आणि तो संसारालाही तंतोतंत लागू पडतो. नव्या व्यवसायाचे स्वप्न पाहणारा तरुण पुष्कळदा थेट शिखरावरच्या माणसासारखा वागू लागतो. ऑफिस घेतो, माणसे ठेवतो, कर्ज उचलतो, आणि गिऱ्हाईक अजून यायचे असते. गादी सोडलेले वडील कागदोपत्री निवृत्त होतात, पण रोज अकरा वाजता दुकानात येऊन मुलाने दिलेला भाव गिऱ्हाइकासमोर बदलतात. एकाने पुढच्या पायरीचा आचार आधीच उचललेला असतो, दुसऱ्याने मागच्या पायरीचा सोडलेला नसतो. दोघांचेही दुःख एकच आहे. पाय एका पायरीवर आणि मन दुसऱ्या.

आजच्या पेढीवर

बनारसीदासांच्या हिशेबातून आजच्या कुटुंबाने काही नियम काढले, तर ते साधेच निघतील.

मुलाला किंवा मुलीला नवे काही करायचे असेल, तर मुदत आणि रक्कम दोन्ही आधी ठरवावी. दोन वर्षे की तीन, पाच लाख की दहा, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवले की नंतर कोणालाही फसवल्यासारखे वाटत नाही. भांडवल शक्यतो घरचे असावे. शिकाऊ हातात उसना पैसा देऊ नये. परिग्रह-परिमाण व्रताने श्रावकाला संग्रहाची मर्यादा आखायला शिकवले आहे. धोका किती पत्करायचा, याचीही मर्यादा त्याच वृत्तीने आखता येते.

गादी सोपवताना ती भागाभागाने सोपवावी. आधी एक खाते, मग खरेदी, मग बँकेचे व्यवहार, शेवटी सही. जे सोपवले त्यात पुन्हा हात घालू नये. आणि गादी सोडणाऱ्याने सोडण्यापूर्वीच आपली पुढची जागा पाहून ठेवावी. पाठशाळा, पांजरपोळ, वाचनालय, समाजाचे वसतिगृह येथे हिशेब जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांची गरज कधीच संपत नाही. ज्याला जाण्यासाठी जागा आहे, त्यालाच उठणे जमते.

धंदा बसू लागला तर सर्वांत आधी घरात सांगावे, नंतर देणेकऱ्यांना सांगावे. लहान देणी आधी चुकवावी. मोठा सावकार थांबू शकतो. हमाल, टेम्पोवाला, दुकानातला पोरगा यांचे चौदा रुपये थांबू नयेत. दुकान बंद करण्याची वेळ आलीच, तर ते दिवाळे निघण्यापूर्वी बंद करणे यात कमीपणा नाही. आजोबांच्या पाटीपेक्षा आजोबांची पत मोठी, आणि पाटी वाचवण्याच्या हट्टात बहुधा तीच जाते.

नव्या कामाला लागताना जुन्या कामातून काय बरोबर न्यायचे, याचीही यादी करावी. कापडाच्या दुकानात वाढलेली मुलगी कंपनीत अधिकारी झाली, तरी गिऱ्हाइकाचा चेहरा वाचण्याची तिची सवय तिच्या उपयोगी पडते. धान्याच्या आडतीवर बसलेल्या मुलाला संगणकाच्या धंद्यातही शब्दाची किंमत समजते. नवे शिकताना जुन्याची लाज वाटू लागली, की खात्यावर शिल्लक असलेली बाकीच खोडली जाते.

पंचावन्नाव्या वर्षी

प्रतिक्रमण म्हणजे मागे वळणे, आपल्या स्थानी परत येणे. दिवसाचे असते, पक्षाचे असते, चातुर्मासाचे असते, वर्षाचे असते. बनारसीदासांनी अर्ध्या आयुष्याचे केले. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी आपले गुण आणि दोष दोन्ही बाजूंना मांडले आहेत, जमा एकीकडे आणि नावे दुसरीकडे. क्षमा आणि संतोष जमेस आहेत. धनाचा लोभ, हसण्यावर नसलेला ताबा आणि खोटे बोलणे नावे आहेत. एकांतात आपण नाचू लागतो, हेही त्यांनी लिहायचे सोडलेले नाही.

उरलेले अर्धे आयुष्य त्यांना लाभले नाही. थोड्याच वर्षांत त्यांची जीवनयात्रा संपली. मागे संपत्ती नव्हती, वंश नव्हता, पेढी नव्हती. आग्र्याच्या बाजारात त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे सावकार त्या काळी होते. त्यांच्या वह्या कधीच मातीस मिळाल्या. ज्याचा धंदा पुन्हा पुन्हा बुडाला त्याचा ताळेबंद मात्र शिल्लक राहिला, कारण त्यात खोटी नोंद नव्हती.

येत्या दिवाळीला लाल वही पूजेला मांडली जाईल, तेव्हा घरातील एखाद्या वडीलधाऱ्याने किंवा वळणावर उभ्या असलेल्या एखाद्या तरुणाने दुसरीही एक साधी वही उघडावी. काय मिटवायचे राहिले आहे, कोणाचे चौदा रुपये द्यायचे आहेत, कोणाची क्षमा मागायची आहे आणि पुढे कोणती बाकी ओढायची आहे, हे तिच्यात लिहावे. ती वही कोणाला दाखवण्याचीही गरज नाही. हिशेब जुळला, की नव्या पानावर स्वस्तिक काढायला हात आपोआप पुढे होतो.